फी भरली, तरी पोरगं आखाजीला घरी आलं

बोरीकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. एरवी मी इथे शेवभाजीच्या मसाल्यावरून भांडायला येतो. आजचा विषय मनाला लागलेला आहे.

मी पारोळा तालुक्यातला, अठरा वर्षांपासून चिंचवडला नोकरीत. गावी आमच्या चुलत्यांकडे एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, आहे. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो: आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. वर्षाचा आकडा ठरतो, त्यातली काही रक्कम आधी उचल म्हणून मिळते, हिशेब आखाजीला. या सालदाराचा थोरला मुलगा बारावी सायन्सला ८१ टक्क्यांनी पास झाला. सीईटीतही बरे मार्क पडले. जळगावला बी.फार्मला नंबर लागला.

समाज भिल्ल. जातीचा दाखला आहे, पण व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) वेळेत आली नाही. राखीव जागा हातची गेली, ओपनमधून प्रवेश घ्यावा लागला. म्हणजे फीसुद्धा पूर्ण. पहिल्या वर्षाचे ७२,००० मी भरले, थेट कॉलेजच्या खात्यात. पावती जपून ठेवली आहे. ऑफिसात दोन-चार जणांना सांगितलंही, खोटं कशाला बोलू.

दिवाळीत भेटला तेव्हा चांगला होता. नवा ॲप्रन दाखवला, खिशावर दोऱ्याने नाव काढून घेतलेलं. संक्रांतीनंतर फोन कमी झाले. आणि परवा, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, चुलत्यांचा फोन: पोरगं पेटी घेऊन आलंय, परत जाणार नाही म्हणतं. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आहे. मी फोन करतो तर उचलत नाही.

राग येतोय, आणि राग येतोय याची लाजही वाटतेय. इथे शिक्षक आहेत, संस्थांमधून काम करणारे आहेत, अशा मदतीवर शिकलेलेही असतील. माझं चुकलं कुठे? की काही पोरं टिकत नाहीत, एवढंच?

भरीत_पार्टी

फुकटाची किंमत नसते भाऊ. कडू लागेल पण खरं आहे. माझ्या मेव्हण्याने दोघांना शिकवलं, त्यातला एक आज फोनही करत नाही. पुढच्या वेळी पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या, मध्येच सोडलं तर पैसे परत.

खापरावरची

स्टॅम्पवर सही कोणाची घेणार, सालदाराची? म्हणजे त्याच्या अंगावर अजून एक उचल. वा.

फळा_डस्टर

बोरीकाठचे भाऊ, मी चोपडा तालुक्यात बावीस वर्षं शिकवतोय. पोरं फीमुळे शिक्षण सोडतात असं शहरातल्या माणसाला वाटतं, कारण फीचा आकडा दिसतो. तिची पावती असते. बाकीच्या खर्चाची पावती नसते.

कॉटचं भाडं, मेस, डिपॉझिट, जर्नल, प्रॅक्टिकलचं सामान, रिचार्ज, महिन्यातून एकदा घरी यायचं एस.टी.चं भाडं धरा. शिवाय तो घरी राहिला असता तर कापूस वेचायला नाहीतर केळीच्या गाड्या भरायला गेला असता, ती रोजी बुडाली. सगळं एकत्र केलंत तर तुमच्या ७२ हजारांच्या पुढे जाईल. हे पैसे कोण देत होतं, हे तुम्ही विचारलं होतं का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

दुसरं व्हॅलिडिटीचं. अकरावी सायन्सला प्रवेश झाला की त्याच वर्षी ज्युनिअर कॉलेजमार्फत प्रस्ताव टाकायचा असतो. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून उपयोग नाही. पण समितीला वडिलांचा, आजोबांचा जुना पुरावा लागतो. जमीन नाही तर सातबारा कुठला? शाळेची पायरी चढले नाहीत तर दाखला कुठला? कधी कधी कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) उताऱ्यात आजोबांच्या जन्माची नोंद जातीसकट सापडते. ती शोधायला तहसीलला चार चकरा मारणारा माणूस लागतो, आणि सालदाराला सुट्टी नसते.

राग मानू नका, तो अकरावीत असताना तुम्ही चार रजा टाकून हे काम केलं असतंत तर ७२ हजार भरायची वेळच आली नसती. राखीव जागेवर प्रवेश आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, म्हणजे पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार देतं. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वयम् योजना आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मिळाली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० आणि मुंबई-पुण्याला ६०,००० होते. अनुसूचित जातीच्या मुलांना तशीच स्वाधार.

आठवीच्या पोरांची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा तर अजून सोपी. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,०००. महिन्याला हजार रुपये म्हणजे शहरात एक पिझ्झा-पार्टी. माझ्या शाळेतली पोरं त्यात सायकल घेतात, गाईड घेतात. एकाने घरी तेलाचा डबा नेला. मी काही बोललो नाही.

खान्देशी_मिरची

सर, बठ्ठं खरं. पन फी पयले लागस, स्कॉलरशिप आखाजीले येस. मझारला महिना पोऱ्यानी काय खावानं?

फळा_डस्टर

@खान्देशी_मिरची तेच तर. आणि आधार बँकेला जोडलेलं नसलं तर आखाजीलाही येत नाही. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज मंजूर, पैसे मात्र कुठल्या तरी तिसऱ्याच खात्यात, जे पोराच्या बापाने कधी काळी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलं होतं. हे शोधण्यात माझे दोन शनिवार गेलेत.

हिशेबनीस

थोडं कोरडं लिहितो, पण देणाऱ्यांना उपयोगी पडेल.

मुलाच्या किंवा कॉलेजच्या खात्यात थेट पैसे भरले तर ८०जीची वजावट (देणगीवरची आयकर सवलत) नाही. ती नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली तरच, तीही जुन्या करप्रणालीत, आणि २,००० च्या वर रोखीने दिलं तर नाहीच. नात्यात नसलेल्या मुलाला वर्षभरात ५०,००० हून जास्त दिले तर ते कायद्याने त्याचं उत्पन्न धरलं जातं. सालदाराच्या पोराला त्यावर कर बसणार नाही, पण माहीत असावं.

मुलींच्या बाबतीत गणित बदललं आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीमधल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. त्यामुळे मुलीला मदत करायची असेल तर फीच्या मागे लागू नका, होस्टेल आणि मेस धरा. अजूनही लोक फीचाच चेक घेऊन येतात.

अमळनेरकर

साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या अमळनेरच्या शाळेत होते आणि छात्रालय सांभाळायचे. मुलांचे कपडे धुतले, खोल्या झाडल्या, मुलांसाठी हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढलं. फी प्रताप शेठजींसारखे लोक देऊ शकत होते. गुरुजींनी जे केलं त्याचा चेक फाडता येत नाही.

खापरावरची

साने गुरुजी आल्याशिवाय खान्देशी धागा पूर्ण होत नाही.

अमळनेरकर

नाही होत. तुमच्या भरीताच्या धाग्यावरही आणणार आहे.

तापीमाय

मी स्वतः दुसऱ्याच्या पैशावर शिकलेय म्हणून लिहिते. यावल तालुका, आई केळीच्या बागांत रोजाने जायची, वडील लहानपणीच गेले. मी आता नाशिकला स्टाफ नर्स आहे.

जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) नंबर लागला तेव्हा पुण्यातल्या एका काका-काकूंनी तीन वर्षांचा खर्च उचलला. फी किती होती ते आज आठवत नाही. आठवते ती पाच तारीख. दर महिन्याच्या पाचला खात्यात ठरलेली रक्कम यायची. एकदा सात उजाडली तर काकांचा मेसेज आला, बँकेला सुट्टी होती, उद्या येतील. खात्रीच्या पैशाची मला आधी सवयच नव्हती. आईची रोजी पावसावर, केळीच्या भावावर, मुकादमाच्या मर्जीवर. महिन्याची एक तारीख पक्की असते हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं, आणि मगच अभ्यासात डोकं लागायला लागलं.

पहिल्या वर्षी माझ्याकडे दोनच पांढरे ड्रेस. रात्री एक धुवायचा आणि पंख्याखाली दोरीवर टाकायचा. पावसाळ्यात लाइट गेली की सकाळी ओलाच अंगावर. काकांना हे कधी बोलले नाही. लोकांना वाटतं मागायची लाज वाटते. लाज नव्हती हो, पण यादी कुठे थांबवायची ते कळत नव्हतं. फी दिली, मेस दिली, आता ड्रेससाठी कुठल्या तोंडाने बोलू? काकू एकदा फोनवर म्हणाल्या, “पोरी, मागच्या महिन्याचा खर्च मला तारखेवार वाचून दाखव बरं.” मी वाचत गेले. मध्येच त्यांनी थांबवलं, “एका महिन्यात इतका साबण कशाला लागतो गं?” मग सांगावं लागलं. पुढच्या आठवड्यात तीन ड्रेस आले, मापाला जरा ढगळ.

बोरीकाठचे दादा, तुम्ही त्याला असा हिशेब कधी वाचायला लावलात का? तपासणीसाठी नाही म्हणत.

आणि फोटोचं लिहायचं नव्हतं पण लिहितेच. दुसऱ्या एका संस्थेने पाच हजारांचा चेक देताना स्टेजवर बोलावलं. पेपरात फोटो, खाली ‘गरीब व होतकरू विद्यार्थिनी’. होस्टेलच्या पोरी वर्षभर मला होतकरू म्हणूनच हाक मारायच्या. “होतकरू, तुझा डबा आला बघ.” आई एस.टी.च्या कंडक्टरकडे कळण्याच्या भाकरी पाठवायची, तो डबा.

भरीत_पार्टी दादा, तुमच्या मेव्हण्याला फोन न करणाऱ्या मुलाबद्दल. माझा पहिला पगार सावकाराकडे गेला. मग भावाचं शिक्षण, मग घरावरचे पत्रे बदलले. पहिली तीन वर्षं माझ्या नावावर दमडी शिल्लक नव्हती. काकांना फोन करायला हात पुढे व्हायचा नाही, वाटायचं ते विचारतील, आता बरं चाललंय ना? काय सांगणार होते? पण दुसऱ्या वर्षीच्या पगारावर आईचं बागेत जाणं बंद केलं. तेव्हा मात्र केला फोन, आईनेच लावायला सांगितलं. ती पलीकडे काही बोललीच नाही, नुसतं “हो, हो” करत राहिली.

भरीत_पार्टी

ताई, मेव्हण्याला तुमचा प्रतिसाद पाठवला. बाकी माझं मत तेच आहे, लेखी असावं.

सातपुडा_डायरी

आमच्या धडगावकडे प्रश्न बी.फार्मपर्यंत पोचतच नाही. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. कुणी बारडोलीकडे उसाला, कुणी सौराष्ट्रात कापसाला. आठवी-नववीतली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला सोबत जाते. परत येते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. शाळा तिला हाकलत नाही, तीच मागच्या बाकावरून हळूहळू उठते. तिला शिष्यवृत्ती नको, नोव्हेंबर ते मार्च राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं आहे.

नर्मदेकाठच्या चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या गावांत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाच्या लोकांनी जीवनशाळा सुरू केल्या. मुलं तिथेच राहतात आणि मुलांच्याच बोलीतून सुरुवात होते. गावाने कष्ट आणि धान्य दिलं, बाहेरच्यांनी पैसे. देणाऱ्याने एकच मूल निवडायचं, त्याचे मार्क विचारायचे, असा प्रकार नाही. मला ही पद्धत जास्त पटते. एका पाड्यातून एकच पोर उचललं की बाकीच्यांच्या मनात काय होत असेल?

अजून एक. आपण सगळे डॉ. राजेंद्र भारूडांचं उदाहरण देतो. साक्री तालुक्यातलं सामोडे, दारू विकून मुलांना वाढवणारी आई, मुंबईला एमबीबीएस, २०१३ ला आयएएस, मग नंदुरबारचे जिल्हाधिकारी. आईचं नाव घेतलंच पाहिजे. पण मधली पायरी सगळे गाळतात. अक्कलकुव्याचं नवोदय विद्यालय. नवोदयमध्ये सहावी ते बारावी राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारी. तेवढी वर्षं त्या घराला मुलाच्या खर्चाची काळजी नव्हती. भाषणात ‘जिद्द’ येते, मेस येत नाही.

फळा_डस्टर

@सातपुडा_डायरी शेवटची ओळ वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरतो. मात्र एक पोर निवडू नये, हे पटलं नाही. सगळ्यांसाठी व्यवस्था व्हायची तेव्हा होईल, माझ्यासमोर बसलेला यंदा दहावीत आहे.

सातपुडा_डायरी

मान्य. पण मग बाकीच्या ३९ जणांना काय सांगता सर?

फळा_डस्टर

काही सांगत नाही. नजर चुकवतो.

बोरीकाठचा

उशिरा लिहितोय. शनिवारी गावी जाऊन आलो. फळा_डस्टर सरांचा प्रश्न आणि तापीमाय ताईंचा साबण डोक्यात होताच.

पोरगं गोठ्यात होतं, बापासोबत. मला बघून आधी उठून आत गेलं. मग पाणी घेऊन आलं. मी कॉलेजचं काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, खर्चाची वही असेल तर वाचून दाखव. वही होती. मागच्या पानापासून उलटी लिहिलेली, पुढे फार्मास्युटिक्सच्या नोट्स. मेस २,८००. कॉट १,५००. डिपॉझिट ५,०००. जर्नल, बाइंडिंग, रिक्षा ४०, रिक्षा ४०, रिक्षा ४०. रोज दोन वेळचं जेवण जानेवारीनंतर एक वेळचं झालेलं दिसतं, मेसच्या पुढे ‘अर्धी’ असं लिहिलंय.

आणि दोन ठिकाणी लाल पेनाने: ‘नाना ३०,०००’ आणि ‘नाना १५,०००’.

नाना म्हणजे आमचे चुलते.

बापाने दसऱ्याला आणि संक्रांतीला सालावर जादा उचल घेतली होती. आखाजीला हिशेब झाला तेव्हा सालाची रक्कम संपून बाकी अंगावर निघाली. चुलते म्हणाले, “मागितले तसे दिले, एक पैसा व्याज लावलं नाही, मी कुठं चुकलो?” आणि खरंच, रिवाजाप्रमाणे ते कुठे चुकलेले नाहीत. पोराने आपलं आपण गणित मांडलं: बापासोबत मीही साल धरलं की वर्षात फिटतं. आखाजीच्या सकाळी येऊन नानांना होकार देऊन मोकळा झाला होता.

म्हणजे फी मी भरली, आणि त्याच्या जेवणाचं कर्ज आमच्याच घराने दिलं. मी पुण्यात पावती जपून ठेवत होतो.

नानांशी बोललो. आवाज चढले, काकूंनी मध्ये चहा आणला. बाकी मी भरून टाकतो म्हटलं तर सालदार नाही म्हणाला: “ते सालातच राहू द्या भाऊ, ते माझं आहे.” मी पुन्हा आग्रह केला नाही. शेवटी एवढं ठरलं की पोराने दिलेला होकार मोडला, बाकी बापाच्या सालात हळूहळू वळती होईल आणि यापुढे शिक्षणासाठी उचल घ्यायची नाही. महिन्याचे ६,००० मी पाच तारखेला टाकणार (ताई, तारीख तुमची उचलली). व्हॅलिडिटीचा प्रस्ताव कशात अडकलाय ते बघायला जूनमध्ये तीन रजा टाकल्या आहेत. सर, कोतवाल बुकाचं जरा सविस्तर व्यनि करा.

परीक्षेचा फॉर्म त्याने मार्चमध्ये भरलेला आहे, हे एक बरं. पेपर १९ पासून. परत जाईलच असं छातीठोक सांगत नाही, मी निघालो तेव्हा पेटी ओसरीवरच होती. पण निघताना आणखी काय लागेल विचारलं तर बराच वेळ काही नाही म्हणाला, आणि गाडीपाशी येऊन हळूच म्हणाला, सायकल. कॉट ते कॉलेज साडेतीन किलोमीटर आहे.

जळगावात कुणाकडे जुनी सायकल पडून आहे का?

फळा_डस्टर

व्यनि केला. आजोबांचं मूळ गाव कोणतं ते आधी विचारा, सालदाराचं कुटुंब गावं बदलत आलेलं असतं. उतारा त्या तालुक्यात शोधावा लागेल.

तापीमाय

मेसच्या पुढचं ‘अर्धी’ वाचून पुढचं वाचवेना. ६,००० मध्ये साबण धरलाय ना दादा?

बोरीकाठचा

धरलाय.

भरीत_पार्टी

सायकल आहे. पिंप्राळ्यात, मुलाची जुनी. मागच्या चाकात हवा राहत नाही, ट्यूब बदलून ठेवतो. १८च्या आत येऊन घेऊन जायला सांगा. आणि ती परत हवी आहे हं, धाकटा दोन वर्षांनी चालवेल.

खापरावरची

स्टॅम्पपेपर?

भरीत_पार्टी

कॅरिअरला लावून ठेवतो.